चावून ठेवलेली रोटी

१

'तिशलंगन नोन' या आमच्याकडच्या शब्दांचा अर्थ 'दात लावलेली रोटी' असा आहे. अर्थ सोपा, पण शब्द जपून वापरावा लागतो. घरातला माणूस लांबच्या वाटेला निघाला, की उंबरठ्याच्या आत उभा राहून तो अखंड रोटीचा एक घास तोडतो, हाताने नव्हे, दाताने. उरलेली रोटी त्याची आई भिंतीवर टांगून ठेवते. तो परत आला की ती त्यानेच संपवायची. तोवर तिला दुसऱ्या कोणाचे तोंड लागता कामा नये. काही जण तिला उष्टी रोटी म्हणतात. ते मला मान्य नाही. उष्टे म्हणजे खाऊन टाकलेले. ही खाऊन ठेवलेली असते. टाकणे आणि ठेवणे यांत जे अंतर आहे, त्या अंतरावर आमच्या मर्गिलान शहरातल्या कितीतरी आया वर्षानुवर्षे जगत असतात.

माझ्या थोरल्या भगिनी सनोबर ओपा त्यांच्यापैकीच. (ओपा म्हणजे ताई.) त्यांचा एकुलता मुलगा बहरोम रशियात इमारतींच्या कामावर गेला, तेव्हाची रोटी त्यांच्या बैठकीच्या खोलीत, रजयांच्या चळतीच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला दोऱ्याने टांगलेली होती. बहरोमचा समोरचा एक दात लहानपणी तुटून अर्धा राहिलेला. त्यामुळे रोटीच्या कडेला पडलेल्या चंद्रकोरीत, उजव्या टोकाशी, एक बारीक कंगोरा राहून गेला होता. धूळ झटकताना ओपा त्या कंगोऱ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या लेकाची सही आहे ही."

२

भिंत बांधावी लागली ती एका हसण्यामुळे.

दूरदेशातूनही आपले अंगण दिसावे, म्हणून बहरोमने जाण्यापूर्वी फाटकावर एक कॅमेरा बसवला होता. त्यातून बघता येई, तसे बोलताही येई. वसंतातल्या एका सकाळी ओपा द्राक्षवेलीखाली पीठ मळत बसल्या असताना तो कॅमेरा हसला. पुरुषी, अनोळखी, कंटाळलेले हसणे. मागोमाग परक्या भाषेतले काही शब्द. ओपांनी पिठाच्या हातांनीच त्याच्यावर फडके टाकले आणि मला बोलावणे धाडले.

माझे घर त्याच गल्लीच्या टोकाला आहे. आयुष्यभर मी शाळेत भाषा शिकवली. तारांमधले मला काही कळत नाही. म्हणून झोकिरला सोबत घेऊन गेलो. झोकिर माझा जुना विद्यार्थी, बहरोमच्या वर्गातला. आता पोट सुटलेला, घरोघरी इंटरनेट जोडून देणारा. त्याने सगळे घर फिरून पाहिले आणि ओसरीवर बसकण मारली.

"ओपा, तुमच्या घराला दारच नाहीये," तो म्हणाला. "फाटक आहे, कुलूप आहे, कुत्रंसुद्धा आहे. पण तारेला दार नाही. कुणीही येतो, हसून जातो."

"मग लाव की दार. बसलायस काय?"

"चहा आल्याशिवाय हात चालत नाहीत माझे." तो हसला. "नवीन काही विकत घेऊ नका. बहरोमचा जुना कॉम्प्युटर कोठीत पडलाय ना? त्याचीच फायरवॉल करतो."

"काय करतोस?"

"भिंत," मी म्हणालो.

"बघा! शब्द दोमलांचा, तार माझी." शिक्षकाला आमच्याकडे दोमला म्हणतात, झोकिर मला वर्गात म्हणत असे तसेच अजूनही म्हणतो.

कोठीतून ते पिवळट पडलेले खोके बाहेर आले. झोकिरने त्याचे एक अंग उघडले, ब्रशने धूळ झाडली, आत अडकलेले तुतीचे वाळके पान चिमटीने काढले, पंख्याच्या कण्यात तेलाचा थेंब सोडला. मग त्याने आत आणखी एक नेटवर्क कार्ड बसवले. आता खोक्याच्या पाठीला तारेसाठी दोन खोबणी झाल्या. "ही जगाकडची," तो बोट ठेवून म्हणाला, "आणि ही घराकडची. मध्ये हा बसणार. याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही."

जुने सारे पुसून टाकावे लागणार होते. ओपा रुमालाची गाठ आवळत जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"त्यात बहरोमचं काही राहिलंय का रे?"

"फोटो, गाणी, सगळं वेगळं काढून ठेवलंय, ओपा. आता आत नुसतं लोखंड."

"नक्की?"

"आईशप्पथ."

पडदा आणि कळफलकही त्याने काढून घेतले. याला आता बघायचे नाही, बोलायचे नाही; नुसते ऐकायचे आणि ठरवायचे, असे तो म्हणाला. बहरोमच्या खोलीतल्या कोनाड्यात खोके बसले. एकदा चिमणीसारखे चिवचिवले, आणि मग त्याचा पंखा संथ घरघरू लागला. झोपलेल्या माणसाच्या खोलीत असते तशी ती घरघर होती. हे मला तेव्हाच सुचले होते की नंतर, याची खात्री आता देता येणार नाही.

"म्हणजे बाहेरून आता काहीच येणार नाही?" चहाच्या वेळी मी विचारले.

"न बोलावता काही नाही, दोमला. आतून कुणी काही विचारलं, की ही भिंत एक खूण करून ठेवते. अमुक बाहेर गेलंय, त्याचं उत्तर यायचंय. उत्तर आलं की खूण बघते आणि आत सोडते. खूण नसेल तर दारातूनच परत. आणि फार वेळ कुणी आलंच नाही, तर खूण आपोआप पुसली जाते."

ओपांची नजर भिंतीवरच्या रोटीवर होती.

"आमची नाही पुसली जात," त्या म्हणाल्या.

३

बहरोमशी शेवटचे बोलणे हिवाळ्यात झाले होते. त्यानंतर तो फोन उचलत नव्हता. सोबतचे कामगार सांगत, तो दुसऱ्या कामावर गेला. कुठल्या, ते कोणाला ठाऊक नव्हते. ओपा मात्र रोज संध्याकाळी, पूर्वीच्याच वेळी, टॅबलेट मांडीवर घेऊन त्याला फोन लावत. घंटी वाजत राही आणि थकून थांबे. मग त्या रोटीकडे वळून विचारत, "जेवलास का रे?" आणि टॅबलेट रजयांच्या चळतीवर ठेवून स्वयंपाकाला लागत.

भिंत झाल्यापासून कॅमेरा हसला नाही. जर्दाळू पिकले तेव्हा झोकिर सहज डोकावला आणि आपला लॅपटॉप उघडून भिंतीचे काम तपासू लागला. एका हाताने जर्दाळू खात होता, बिया मुठीत जमवत होता. मध्येच त्याचा हात थांबला.

"ओपा, घरात नवीन काही आणलंत? फोन, टीव्ही?"

"कशाला आणू? मला एकटीला?"

"मग हे कोण?"

त्याने पडदा माझ्याकडे वळवला. खुणा उमटत होत्या आणि विरत होत्या, उकळत्या भाताच्या बुडबुड्यांसारख्या. एक मात्र विरत नव्हती.

"आतून कुणीतरी विचारलंय आणि उत्तराची वाट बघतंय," झोकिर म्हणाला. "पण ज्या जागेवरून विचारलंय, ती जागा मी या घरात कुणालाच दिलेली नाही."

"आणि विचारलंय कोणाला?"

"तिथं काहीच लिहिलेलं नाही. असं होत नसतं, दोमला. पत्ता नसलेलं पाकीट पोस्ट पुढं पाठवत नाही."

त्याने ती खूण पुसली. पुढचा जर्दाळू तोंडात टाकण्याआधी ती पुन्हा तिथे होती.

"केव्हापासूनची आहे?" मी विचारले.

"तीच तर गंमत. यंत्र बसवलं, त्याच्या आधीपासूनची दाखवतंय." तो हसला. "जुनं खोकं आहे. घड्याळाची बॅटरी गेली असणार. बदलतो केव्हातरी."

त्याने लॅपटॉप मिटला. ताटलीतले जर्दाळू तसेच राहिले.

४

आमच्यात रोटी उलटी ठेवत नाहीत. ताटात नाही, टोपलीत नाही, भिंतीवर तर नाहीच. चुकून कोणी ठेवली, तर लहान मूलसुद्धा उठून ती सरळ करते.

ओपांची टांगलेली रोटी मला भिंतीकडे तोंड केलेली दिसली. तिची खरपूस, नक्षीच्या ठशांची बाजू आत गेली होती आणि तळाची करडी, राखेचे ठिपके असलेली पाठ आमच्याकडे होती.

"ओपा, ही तुम्ही उलटवलीत?"

"मी? तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, मकसूद?" त्यांनी लगबगीने ती सरळ केली, बोटे कपाळाला लावली. "दोरा पिळला असेल."

दोरा पिळला असेल, असेच मीही मानले. वाळत चाललेली वस्तू हलकी होते, वाऱ्यानेही वळते. मी खिळ्याला दुसरा दोरा बांधला, दोन्ही दोरे ताणून बसवले. पुन्हा गेलो तेव्हा रोटी भिंतीकडे तोंड करून होती, आणि दोन्ही दोरे एकमेकांशेजारी, न पिळता, ताठ होते.

मी ती सरळ केली आणि ओपांना सांगितले नाही.

५

एका संध्याकाळी ओपांचा चेहरा मी बऱ्याच काळाने उजळलेला पाहिला. टॅबलेट कानाशी धरून त्यांनी मला हाताने खूण केली: हळू.

"उचलला," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या.

"कोणी?"

"कुणी म्हणजे? त्यानंच. बोलत नाहीये अजून. इतके महिने फोन केला नाही ना, लाजतोय."

त्यांनी टॅबलेट माझ्या हातात दिला. घंटी वाजत नव्हती. पलीकडे शांतता होती; पण रिकाम्या तारेची नव्हे, खोलीची. छताला, गालिच्याला, मिटलेल्या खिडकीला स्वतःची एक शांतता असते. अशा शांततेत मी कान लावून बसलो. थोड्या वेळाने पलीकडे लावा पक्षी बोलला. पिट्-पिलिक्. आमच्याकडे घरोघरी लाव्याचा पिंजरा असतो; कामगार तो तिकडेही नेत असतील, असे मी मनाशी म्हणालो.

तेवढ्यात द्राक्षवेलीखाली टांगलेल्या ओपांच्या पिंजऱ्यातला लावा बोलला. पिट्-पिलिक्. तेच अंतर, शेवटी तीच अडखळ.

प्रतिध्वनी झाला, मी म्हणालो. टॅबलेट या घरातला आवाज उचलतो आणि परत पाठवतो. समाधान चांगले होते. पण प्रतिध्वनी मागून येतो. हा पुढून आला होता. मी पुन्हा कान लावला. पलीकडे चहाच्या किटलीचे झाकण वाजले, आणि मग स्वयंपाकघरात झाकण वाजले. पलीकडे कोणी म्हातारा कोरडे खोकला. मी टॅबलेट दूर केला. माझ्या घशात खवखव झाली आणि मी खोकलो.

"काय म्हणतो?" ओपांनी आतुरतेने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "लाजतोय."

वय झाले की आधीचे आणि नंतरचे यांची स्मरणात अदलाबदल होते. घरी जाताना मी स्वतःला हेच सांगत होतो. ते मला पटलेही होते. फक्त, चालताना मी खोकला दाबून धरला होता.

६

पुढच्या वेळी रोटीला दोन चंद्रकोरी होत्या.

जुनी होती तिथेच होती. दुसरी तिच्या शेजारी, तेवढीच रुंद, आणि तिची कड ताज्या रोटीसारखी मऊ दिसत होती. उंदीर असा गोल तोडत नाही. वाळकी रोटी आपोआप झडली तर कड खरखरीत होते. मी चष्मा पुसून जवळ गेलो. नव्या चंद्रकोरीतही तुटक्या दाताचा कंगोरा होता. मात्र तो डाव्या टोकाशी होता.

रोटी उलटी धरून चावली, तर असे होऊ शकेल. मग मला आठवले की उलटी रोटी आमच्यात कोणी तोंडाशी नेत नाही.

ओपा ओसरीवर भाजी निवडत होत्या. त्यांना ठाऊक होते. ते त्यांच्या मानेवरूनच कळले.

"खाऊ दे त्याला," त्या म्हणाल्या. "त्याचीच आहे."

मी झोकिरला गाठले. यंत्र काढून ने, म्हणालो. त्याने हात वर केले. तो आदल्याच दिवशी काढायला गेला होता, आणि ओपा कोनाड्यासमोर उभ्या राहिल्या होत्या.

"म्हणाल्या, माझ्या लेकाचा हात तोडतोस का," झोकिर सांगू लागला. त्या दिवशी त्याला विनोद सुचत नव्हते. "दोमला, बाहेरून येणाऱ्या सगळ्याला मी बंदी घातलीये. त्याहून जास्त घालता येत नाही. पण ओपा आतून विचारतात. आतून विचारलं की उत्तराला सोडायचंच, हेच भिंतीचं काम. उत्तर देणारा कोण, हे ती बघत नाही. तिला तेवढी अक्कल नसते." त्याने वर केलेले हात खाली घेतले. "तुम्हीच सांगा ओपांना. म्हणावं, विचारू नका."

मी सांगितले. ज्या शब्दांत सांगितले ते अगदी सौम्य होते. आयुष्यात मी इतके सौम्य शब्द क्वचित निवडले असतील. ओपांनी ऐकून घेतले, मांडीवरची देठे गोळा केली.

"आईनं मुलाची चौकशी करू नये?" त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात पाळणा हलला नाही, मकसूद, म्हणून तुला असलं सुचतं."

संध्याकाळी त्यांनी फोन लावला. आता त्या बोलतही होत्या. थांबून ऐकत होत्या, हसत होत्या.

७

तुतीची पाने जून झाली त्या दिवसांत, बाजारातल्या चहाच्या टपरीवर बसलो असताना मला अनोळखी क्रमांकावरून फोन आला.

"तोगा, मी बहरोम." आईच्या भावाला आमच्यात तोगा म्हणतात. मला त्या नावाने हाक मारणारा जगात एकच जण आहे. पाठीमागे आगगाडीची खडखड होती. चहाचा पियाला माझ्या हातून निसटला.

फोन चोरीला गेला होता. कागदपत्रे कंत्राटदाराने दडवली होती. मधले महिने कसे गेले ते तो समोर बसून सांगणार होता. आता सगळे मिटले होते आणि तो येत होता. संध्याकाळपर्यंत पोहोचणार होता.

"आईला कळवलंस?"

गाडी पुलावरून जात असावी. आवाज पोकळ झाला.

"तोगा, घरी कोण आहे?"

"आई."

"आणखी?"

"कोणी नाही."

"मग आई कुणाशी बोलतात? मी दोनदा घरच्या साध्या फोनवर फोन केला. 'आई, मी बहरोम,' म्हटलं. त्यांनी फोन बाजूला धरला आणि आत कुणाला तरी म्हणाल्या, 'ऐकलंस का रे, कुणीतरी तुझं नाव लावून फोन करतंय.' आणि ठेवून दिला." त्याचा श्वास ऐकू आला. "रागावल्यात का? रागावल्या असतील तर ठीक आहे. मी पाया पडेन. पण तोगा, माझी रोटी आहे ना?"

"आहे."

"ती काढू देऊ नका. मी माझ्या हातानं काढीन. तिकडं दुसरं काही डोक्यात नव्हतं माझ्या. भूक लागली की ती रोटी आठवायचो. ती संपवीन तेव्हा पोचलो म्हणेन."

मी त्याला शब्द दिला, आणि थेट ओपांच्या घराकडे निघालो.

८

फाटक उघडे होते. भर दुपारचे ऊन वेलीतून गाळून अंगणात सांडले होते. मला आधी पाण्याचा आवाज आला: झारीतून तस्तात पडणारी बारीक धार. पाहुण्याचे, किंवा प्रवासातून आलेल्याचे, हात धुताना असा आवाज होतो. धार मध्येच अडते, बोटांवरून फुटते, आणि मग तुकड्यातुकड्यांनी खाली पडते.

ओसरीच्या खांबाआड ओपा वाकून उभ्या होत्या. खांद्यावर धुतलेला पंचा. झारी त्यांच्या हातात होती, आणि ज्याच्या हातांवर त्या पाणी घालत होत्या तो खांबाने झाकला होता. खांब हातभर रुंदीचाही नाही. मी दोन पावले डावीकडे सरकलो असतो, तर दिसले असते.

मी सरकलो नाही. मी बैठकीच्या खोलीत शिरलो.

जेवणाचा दस्तरखान अंथरलेला होता. दही, साखर, दोन पियाले. भिंतीवरचा खिळा मोकळा होता आणि रोटी कापडावर पालथी ठेवलेली होती. मी ती उचलली. ती हातात मोडली. बहरोमच्या चंद्रकोरीच्या मधोमध तुटून अर्धी रोटी माझ्या मुठीत आली, दुसरी अर्धी कापडावर राहिली. ती उचलायला मी वाकलो. ओसरीवरचा पाण्याचा आवाज थांबला.

वाकलेलाच मी मागे फिरलो. अंगणातून पळताना ओपांचा आवाज आला. त्यात राग नव्हता.

"असू दे, मकसूद. त्याच्यापुरती राहिलीये."

संध्याकाळी मी बहरोमला गल्लीच्या तोंडाशी गाठले. तो वाळला होता, दाढी वाढली होती. हसला तेव्हा तुटका दात दिसला. मी जे सांगायचे ते सांगितले. त्याने ऐकले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "तोगा, तुम्ही थकलात. चला घरी."

ओपांनीच फाटक उघडले. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, नीट, पायापासून डोक्यापर्यंत.

"या, बाळा, या. मकसूद, पाहुणे आणायचे तर आधी कळवू नये?"

"आई," बहरोम म्हणाला.

"हो रे, सगळेच मला आई म्हणतात. आत या. किती लांबून आलात?"

त्यांनी त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवले, पाठीला उशी दिली, ताजी रोटी मोडून पुढे ठेवली. दुपारच्या कापडावर अर्ध्या रोटीचा कणही नव्हता. बहरोमने पियाला घेतला. त्याच्या उजव्या हाताच्या पाठीवर लहानपणी तंदुरात भाजल्याचा डाग आहे, पानाच्या आकाराचा. औषध लावून तो ओपांनीच बरा केला होता. त्यांची नजर त्या डागावरून गेली आणि कुठेही अडली नाही.

"नाव काय तुमचं?"

"आई, मी बहरोम आहे. तुमचा बहरोम."

"बघा, काय योग! माझ्या लेकाचंही तेच नाव." त्या प्रसन्न झाल्या आणि आतल्या खोलीच्या पडद्याकडे वळल्या. "बहरोम! बाहेर ये रे, तुझ्या नावाचे पाहुणे आलेत."

रजयांवर पडलेला टॅबलेट म्हणाला, "आलो, आई."

आणि मग, पडद्यामागून, जिथे यंत्राचा पंखा घरघरत होता तिथून, तोच आवाज आला. "आलो, आई."

बहरोमने पियाला खाली ठेवला. स्वतःचा आवाज माणूस सहसा ओळखत नाही, त्याने ओळखला. तो उठला, पादत्राणे न घालता ओसरी उतरला. मी त्याच्या मागे होतो आणि उंबरठ्यावर माझी मान वळली, त्याला माझा इलाज नव्हता. पडदा बाजूला होत होता. त्याच्या कडेवर आतून बोटे आली, ओली, मग मनगट. हात डावा होता, आणि त्याच्या पाठीवर पानाच्या आकाराचा डाग होता.

ओपा पंचा घेऊन पुढे झाल्या आणि तो हात पुसू लागल्या.

९

बहरोम माझ्याकडे राहतो. गल्लीच्या या टोकावरून त्याला त्याचे फाटक दिसते. वाण्याकडे ओपा भेटल्या तर त्या त्याला पाहुणा म्हणून पुन्हा बोलावतात आणि तो मान झुकवून पुढे जातो. रोटीचा अर्धा तुकडा माझ्या कपाटात फडक्यात बांधून ठेवला आहे. मी त्याला म्हटले, खाऊन टाक, तू परत आलास हे एकदाचे पुरे होऊ दे. त्याने नकार दिला.

"अर्धी त्यानं संपवलीये, तोगा," तो म्हणाला. "ही मी संपवली की घरी पोचला तो कोण, हे कायमचं ठरेल. आणि तो नाही असं ठरलं, तरी आई त्याच्याजवळ आहेत."

झोकिर आता त्या गल्लीत येत नाही. लांबूनच त्याने एकदा लॅपटॉपवर पाहिले: खूण अजून पुसलेली नाही.

ही हकिकत आमच्या वस्तीत पुष्कळ सांगितली जाते, आणि सांगणारे शेवटी म्हणतात की तारेतून काहीतरी सनोबर ओपांच्या घरात घुसले. भिंत कच्ची होती, खोके जुने होते. हे चूक आहे, आणि झोकिरच्या कामावर अन्याय करणारे आहे. घुसणे म्हणजे न बोलावता येणे. त्या भिंतीने न बोलावलेल्या कशालाही आजवर आत सोडलेले नाही. तो हसणारा पुन्हा कधी आला नाही. एका आईने रोज संध्याकाळी आतून हाक मारली, आणि हाकेला ओ आली. ओ कोणाची, हे विचारायचे काम भिंतीचे नव्हते; आणि ज्यांचे होते, त्यांना तो प्रश्न विचारायचा नव्हता.